पाळण्याआधीचे पाय

लेकीची पाचवी होती. लालबागच्या चाळीतल्या माहेरच्या खोलीत आईने पाट मांडला, त्यावर वरवंटा ठेवून हळदकुंकू वाहिलं, शेजारी कोरा कागद आणि पेन ठेवलं. रात्री सटवाई येते आणि बाळाचं नशीब लिहून जाते, असं आमच्याकडे मानतात. नवरात्राचे दिवस होते. खालच्या मंडपातली देवीची आरती आटोपली, चाळ हळूहळू निजली, आणि साडेदहाच्या सुमारास माझ्या शेजारचं दुपट्यातलं एवढंसं गाठोडं हलायला लागलं.

आधी भुवया वर गेल्या. मग ओठ चोखल्यासारखे हलले. तोंड वाकडं झालं, आता रडणार असं वाटलं, पण रडली नाही. मग उजवा पाय दुपटं ढकलत सरळ ताणला गेला, थोडा वेळ तसाच राहिला, आणि लगेच दोन झटपट लाथा. मी घाईघाईने तिला उचललं. उचलताक्षणी ती दचकली, दोन्ही हात फाकले आणि तिने जे रडणं धरलं ते बारा वाजेपर्यंत. आई उठली, बाबा उठले, शेजारच्या काकू दार ढकलून विचारून गेल्या.

तिला खांद्यावर घेऊन गॅलरीत फेऱ्या मारताना माझ्या डोक्यात एकच घोळत होतं. एक लांब ताण, जरा थांबणं, मग दोन लाथा. हा पाय माझ्या ओळखीचा होता. कितीतरी रात्री साधारण याच वेळेला तो माझ्या उजव्या बरगडीखाली लागायचा आणि मी उशाशी ठेवलेल्या वहीत रेघ मारायचे.

तिला हलताना मी पहिल्यांदा पाहिलं ते बाराव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत. पडद्यावर ती उसळून वर जायची आणि तरंगत खाली यायची. मला पोटात मात्र काहीही जाणवत नव्हतं. गर्भ सातव्या-आठव्या आठवड्यापासूनच हलायला लागतो. नवव्या-दहाव्यात उचक्या येतात, हात चेहऱ्याकडे जातो. बाराव्याच्या आसपास जांभई, चोखणं, गिळणं सुरू होतं. आईला पहिली चाहूल लागते तोवर बाळाचा दोन-तीन महिन्यांचा सराव झालेला असतो.

पहिलटकरणीला ही चाहूल साधारण अठरा ते वीस आठवड्यांत लागते. माझा विसावा सरला तरी काही नाही. शाळेतल्या मैत्रिणी रोज विचारायच्या आणि मी रोज आणखी घाबरायचे. शेवटी डॉक्टरांनी रिपोर्ट पुढे करून दाखवलं की माझी वार (प्लॅसेंटा) पुढच्या बाजूला आहे. बाळ आणि पोटाची भिंत यांच्यामध्ये उशी धरावी तसं. त्यामुळे उशिरा कळणार, आणि कळलं तरी कडेकडेने कळणार. मे महिन्याच्या सुट्टीत, भांडुपला घरी आमरसासाठी आंबे पिळत बसले असताना पोटात मासोळी वळल्यासारखं झालं. मी हात तसेच धरून थांबले. सासूबाईंनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्याच म्हणाल्या, "अगं, फिरलं! बाळ फिरलं."

जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि भांडुप-दादर धीम्या लोकलचा रोजचा प्रवासही. दिव्यांगांच्या डब्यात गरोदर बायकांना मुभा असते, पण सकाळच्या गर्दीत प्लॅटफॉर्मच्या त्या टोकापर्यंत पोचणं जमेलच असं नाही. मी बहुतेकदा लेडीज डब्यातच चढायचे आणि कुणीतरी न सांगता उठून जागा द्यायचं. त्या बायकांची नावं मला माहीत नाहीत. त्यांचे उपकार मात्र मी विसरणार नाही. कांजूर, विक्रोळी, घाटकोपर, कुर्ला, सगळ्या वाटेवर पोट गप्प. दादरला उतरून शाळेत पोचले, खुर्चीत टेकले, की पाच-दहा मिनिटांत आत धावपळ सुरू.

मी कौतुकाने सगळ्यांना सांगायचे की बाळ लोकलमध्ये झोपतं. माझी थोरली नणंद फिजिओथेरपिस्ट आहे, नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात काम करते. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "झोपत असेलही. पण तू स्वतः हलत असतेस, धक्के खात असतेस, स्टेशनं मोजत असतेस. त्यात तुला तिकडचं कळतच नाही, हेही असेल." हे बोलणं तेव्हा मला थोडं लागलं. नंतर पटलं. सोनोग्राफीच्या पडद्यावर बाळ हलताना दिसत होतं आणि मला काही लागत नव्हतं, असं पुढेही दोनदा घडलं. आईला जाणवतात त्या मुख्यतः अख्ख्या अंगाच्या, मोठ्या हालचाली. बोटं उघडणं-मिटणं, तोंड हलवणं आपल्यापर्यंत येत नाही.

अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून डॉक्टरांनी मोजायला सांगितलं. जेवण झालं की डाव्या कुशीवर निजायचं, दुसरं काही करायचं नाही, आणि दोन तासांत दहा हालचाली होतात का ते बघायचं. दहा मोजण्याची ही पद्धत मुळात १९७६ मध्ये कार्डिफच्या डॉक्टरांनी मांडलेली, पुढे तिच्यात बदल होत गेले. माझ्या दहा बहुतेक रात्री अर्ध्या तासात पुऱ्या व्हायच्या. हळूहळू आकड्यापेक्षा ओळखच वाढली. दुपारी ती मंद असायची. संध्याकाळी सहानंतर जरा वळवळ. रात्री दहा ते एक पूर्ण जोर. उजवीकडे वर टाच, खाली डावीकडे कधीतरी हाताची कुरकुर, आणि ओटीपोटात घड्याळासारखी टिकटिक लागली की ती उचकी. उचक्या मी मोजणीत धरत नव्हते.

लाथा उजवीकडे म्हणून मुलगाच, हे भांडुपला आणि लालबागला दोन्हीकडे पक्कं ठरलं होतं. बाळाचं डोकं खाली आणि पाठ डावीकडे असली की पाय उजवीकडेच येणार, इतकंच त्यामागचं कारण. सोनोग्राफीच्या खोलीबाहेर कायद्याने लावलेली ती पाटी आहे, येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही. मला ती पाटी दर वेळी बरी वाटायची. आत कोण आहे हे न कळता नुसती हालचाल ओळखीची होत गेली.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं. हिरवी साडी, फुलांच्या वाड्या, ओटी, पेढा की बर्फी. सासरच्या एका आत्याबाईंनी माझ्या पोटावर हात ठेवला, तेव्हा नेमकी जोरात लाथ बसली. "बाई गं! हे तर आतूनच धुमाकूळ घालतंय. बाहेर आल्यावर हिला झोपू द्यायचं नाही." सगळ्या हसल्या, मीही हसले. पण ते वाक्य त्या दिवसापासून घरात राहायलाच आलं.

ऑगस्टच्या मध्याला रजा घेऊन मी बाळंतपणासाठी माहेरी आले. लालबागला गणपतीच्या आधीचे शनिवार-रविवार म्हणजे कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या मोठ्या मूर्तींच्या आगमनाच्या मिरवणुका. एका संध्याकाळी खालून ढोल-ताशांचं पथक आलं. पहिल्याच ठोक्याला पोटात अख्खं बाळ दचकलं, इतकं की साडीवरून आईला दिसलं. दुसऱ्या ठोक्यांच्या रांगेलाही तसंच. तिसऱ्या-चौथ्या वेळी नुसती थरथर, आणि मग ढोल गर्जत असताना आत शांत. मी घाबरून आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. नणंदेला फोन केला तर ती म्हणाली, "आवाजापासून लांब गेलीस ते चांगलंच केलंस. पण शांत झालं त्याला घाबरू नकोस. तोच आवाज परत परत आला की बाळ त्याला सरावतं. जन्मल्यावर आम्ही हीच गोष्ट तपासतो." नवजात बाळांचं वागणं पाहण्यासाठी अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ ब्रेझल्टन यांनी १९७३ मध्ये जी मोजपट्टी तयार केली, तिच्यात हे आहे. झोपलेल्या बाळाजवळ खुळखुळा किंवा घंटा पुन्हा पुन्हा वाजवायची आणि कितव्या वेळी ते दचकायचं थांबतं हे बघायचं.

आता ते सांगते जे सांगताना अजून हात गार पडतात.

अनंत चतुर्दशीच्या रात्री चाळीत कुणीच झोपलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी दमून सकाळभर पडून होते. अकराच्या सुमारास लक्षात आलं की उठल्यापासून एकही लाथ लागलेली नाही. छत्तीस आठवडे झाले होते. डाव्या कुशीवर निजले, पोट हलवलं, काही नाही. जिथे नाव नोंदवलं होतं तिथे फोन केला. पलीकडून उत्तर आलं की नववा लागला की बाळाला जागा कमी पडते, हालचाल कमी होणारच, गार आणि गोड काहीतरी घ्या, उद्या तपासणी आहेच ना. क्षणभर मला हायसं वाटलं. आपल्याला जे ऐकायचं असतं ते कुणी सांगितलं की माणूस किती पटकन मानतो! मग नणंदेला फोन लावला. ती फक्त म्हणाली, "आत्ता नीघ."

रस्त्यावर रात्रीची गर्दी पुरती ओसरली नव्हती. बाबा पुढे धावत जाऊन टॅक्सी थांबवून उभे राहिले. एनएसटीच्या, म्हणजे बाळाचे ठोके कागदावर नोंदवायच्या तपासणीच्या खोलीत पोटावर दोन पट्टे बांधले आणि हातात बटण दिलं, हालचाल कळली की दाबायचं. ठोके ऐकू आले तेव्हा आई रडायला लागली. पण कागदावरची रेघ जवळजवळ सपाट होती, १३५ च्या आसपास. बाळ हललं की ठोके वर चढायला हवेत. वीस मिनिटांत निदान दोनदा, पंधरा-पंधरा ठोक्यांनी, पंधरा-पंधरा सेकंद. वीस मिनिटं झाली, काही नाही. ड्युटीवरच्या डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या, "आणखी वीस मिनिटं बघू." तिसाव्या मिनिटाच्या पुढेमागे बरगडीखाली एक लांब ताण आला. मी बटण दाबलं. मग दोन लाथा. रेघ डोंगरासारखी वर गेली, १५५, खाली आली, पुन्हा वर गेली.

त्या दिवशी डॉक्टरबाईंनी जे समजावलं ते मी गरोदर मैत्रिणींना शब्दन् शब्द सांगते. पोटातल्या बाळाची शांत झोप साधारण वीस ते चाळीस मिनिटांची असते, निरोगी बाळात दीड तासाच्या पुढे सहसा जात नाही. शेवटच्या महिन्यात हालचालीचा प्रकार बदलतो, उसळणं कमी होऊन ताणणं-ढकलणं वाढतं, पण हालचाल कमी होत नाही. "जागा कमी पडते" हे कारण नाही. रोजच्यापेक्षा कमी वाटलं तर गोड खाऊन वाट बघायची नाही, दुसऱ्या दिवसावर ढकलायचं नाही, यायचं. मी सकाळी थकून पडले होते तेव्हाच्या हालचाली माझ्या लक्षात आल्या नसतील, असं त्यांचं मत पडलं. "पण आलात हे बरोबर केलंत," असं त्या दोनदा म्हणाल्या.

नवरात्रातल्या चौथ्या माळेला लेक झाली.

पाचवीच्या त्या रात्रीनंतर दोन दिवसांनी नणंद भांडुपहून बाळाला बघायला आली आणि रात्री राहिली. पुन्हा साडेदहा, पुन्हा भुवया, ओठ, ताण, लाथा. माझे हात पुढे गेले. तिने माझं मनगट धरलं. "थांब. उचलू नकोस. बघ फक्त."

आम्ही दोघी मोबाईलच्या मंद उजेडात बसून बघत राहिलो. बाळाच्या पापण्या मिटलेल्या, पण त्यांच्या आत बुबुळं सरकत होती. श्वास कधी भरभर, कधी थांबल्यासारखा. ती मध्येच हसली. आई अंथरुणातून म्हणाली, "सटवाई हसवतेय." मग चेहरा रडवेला झाला, एक बारीक आवाज निघाला. माझा जीव वरखाली. पाय ताणला, दोन लाथा मारल्या, हात कानाजवळ गेला. आणि सात-आठ मिनिटांनी सगळं विरत विरत ती गाढ झाली. रडली नाही.

"ही झोप आहे," नणंद कुजबुजली. "हलती झोप. नवजात बाळाची निम्मी झोप अशी असते. तू तिला रोज झोपेतून उठवत होतीस."

पुढे तिने जे सांगितलं त्याने माझी सगळी वही उलटी झाली. दिवस भरत आलेला गर्भ बहुतेक वेळ झोपेतच असतो, आणि त्यातला मोठा भाग याच हलत्या झोपेचा. म्हणजे आम्ही ज्याला "बाळ जागं झालं, खेळतंय" म्हणत होतो, त्यातलं बरंचसं झोपेतलं होतं. बाळांच्या हालचालींचे अभ्यासक हाइन्झ प्रेख्टल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या सुमारास सोनोग्राफीवर तासन् तास बसून गर्भाच्या या अवस्था नोंदवल्या आणि त्या नवजात बाळाच्या अवस्थांशी ताडून पाहिल्या. त्यांना दिसलं ते हे की जन्माने हालचालीत एकदम फरक पडत नाही. नवव्या-दहाव्या आठवड्यात सुरू झालेली अख्ख्या अंगाची ती वळवळ जन्मानंतरही जवळजवळ दोन महिने त्याच घाटाची राहते. फक्त आता हातापायांना वजन आलेलं असतं, पाण्याचा आधार गेलेला असतो, म्हणून ती जड, झटक्यांची दिसते.

त्या रात्रीपासून आवाज आला की मी आधी मनात शंभर मोजायचे. निम्म्या वेळा उचलावं लागायचं नाही. नणंदेने दुपटं बांधायलाही शिकवलं. हात अंगाशी हलके धरायचे, म्हणजे दचकणं कमी होतं, पण कमरेखाली सैल, पाय मोकळे, बेडकासारखे दुमडता आले पाहिजेत. मालिशवाल्या मावशींना हे पटलं नाही. पाय सरळ बांधले नाहीत तर वाकडे राहतील असं त्यांचं म्हणणं. मी ऐकलं नाही. सरळ घट्ट बांधल्याने खुब्याचा सांधा बिघडू शकतो.

दिवाळीत ती तीन आठवड्यांची होती. नरक चतुर्दशीच्या पहाटे चाळीच्या चौकात पहिली माळ फुटली. हात फाकले, अंग ताठ, पण डोळे मिटलेले. दुसरी माळ, पुन्हा तेच, जरा कमी. चौथ्या माळेला नुसत्या पापण्या फडफडल्या. मी खिडक्या लावून तिच्या कानाशी हात धरून बसले होते आणि मला ढोलाची ती संध्याकाळ जशीच्या तशी आठवत होती.

इथवर सगळं जुळत होतं. मग आत्याबाईंचं वाक्य परत आलं.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात ती संध्याकाळी सहा ते नऊ रडायची. पाजलं, ढेकर काढली, पाळणा हलवला, काही लागू पडत नव्हतं. जो येईल तो म्हणायचा, "पोटातच कळलं होतं, द्वाड आहे." दीड महिन्याच्या पोरीला द्वाड! मला ते सहन व्हायचं नाही. नणंदेला मी सरळ विचारलं, की पोटातल्या लाथांवरून स्वभाव कळतो का?

तिने जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या जॅनेट डिपिएट्रो यांच्या अभ्यासांबद्दल सांगितलं. १९९६ च्या अभ्यासात ३१ गर्भांची हालचाल आणि ठोके मोजले होते. पोटात जास्त हलणारी बाळं तीन आणि सहा महिन्यांची असताना त्यांच्या आयांना ती जास्त हट्टी, बेभरवशाची वाटली. मी मनात म्हटलं, संपलं. पण त्याच बाईंचा २००२ चा अभ्यास पुढे गेला. त्यात जास्त हलणारी बाळं वर्षाची झाल्यावर अडवलं तर कमी चिडत होती आणि दोन वर्षांची असताना कमी बुजत होती. आणि पोटातली हालचाल व वर्षाच्या बाळाची चपळाई यांचं नातं मुलग्यांत सरळ होतं तर मुलींत उलटं. एवढीशी संख्या, वयागणिक बदलणारं उत्तर. यावरून माझ्या पोरीच्या कपाळी कुणी काय लिहावं?

शरीराच्या सवयींचं नातं मात्र जास्त घट्ट दिसतं. बेलफास्टच्या पीटर हेपर यांनी २००५ मध्ये ७५ मुलांचं पाहिलं. पोटात उजवा अंगठा चोखणारी साठही मुलं पुढे उजखुरी निघाली. डावा चोखणाऱ्या पंधरांपैकी दहा डावखुरी. आणि संध्याकाळचं रडणं? ते तर जगभरच्या बाळांत सहाव्या आठवड्याच्या आसपास सर्वांत जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांत ओसरतं, पोटात शांत असलेल्यांतही. हे मी बारशाला आलेल्या प्रत्येकीला सांगितलं. आत्याबाईंना सांगताना आवाज चढला, त्याचं वाईट वाटतं. पण तिला कुणी द्वाड म्हणायचं नाही, हे तिथेच ठरलं. सासूबाई माझ्या बाजूने बोलल्या.

आता ती साडेतीन महिन्यांची आहे आणि आम्ही भांडुपला आहोत. हालचाल पार बदलली. ती जड वळवळ गेली. उताणी ठेवली की मनगटं, घोटे, मान, सगळीकडे बारीक बारीक लुकलुक चालते. नणंद येते तेव्हा खुळखुळा बाजूला ठेवून दोन-तीन मिनिटं नुसती ही लुकलुक बघते. या वयात ती दिसणं मेंदूच्या वाढीसाठी चांगली खूण मानतात. उचक्या कमी झाल्या. तिचं स्वतःचं दिवसरात्रीचं घड्याळ बसलं. रात्री नऊला झोपते ती दोनपर्यंत हलत नाही. एक लांब ताण आणि दोन लाथा हे गेल्या पंधरा दिवसांत मला दिसलेलं नाही.

दहा वाजले की मात्र मला अजून जाग असते. ती पाळण्यात गाढ असते, आणि माझा हात आपसूक उजव्या बरगडीखाली जातो.